बाकाबोनचे बाबा

गेल्या महिन्यात मला एक्केचाळीस पूर्ण झाली. सकाळी पहिला निरोप आला तो नागोयाच्या एका बाईंचा. त्यांच्यासाठी मी पूर्वी दुभाषी म्हणून काम करायचे. "अभिनंदन," त्यांनी लिहिलं होतं, "आता तू बाकाबोनच्या बाबांच्या वयाची झालीस." खाली एक चित्र. डोक्याला पिळून बांधलेला पंचा, पोटावर विणलेला पट्टा, आणि नाकाखाली मिशा वाटाव्यात असं काहीतरी. त्या मिशा नाहीत, नाकातले केस आहेत. वाढदिवसाला कुणा बाईला असलं चित्र पाठवायचं म्हणजे नातं जुनं हवं.

जपानात हा विनोद घरोघरचा आहे. 'तेन्साइ बाकाबोन' या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, पहिली अ‍ॅनिमेशन मालिका १९७१ साली टीव्हीवर आली. १९७५ च्या दुसऱ्या मालिकेच्या शेवटच्या गाण्यात या बाबांचा एक्केचाळिशीतला वसंत चालू असल्याचं सांगितलंय. ज्या पोरांनी ते गाणं गुडघ्यावर ताट घेऊन ऐकलं, ती पोरं चाळिशीला आली, आणि तो टीव्हीवरचा येडा म्हातारा म्हातारा नव्हताच, हे त्यांना एका सकाळी दाढी करताना कळलं. मला ते कळायला दाढीची गरज पडली नाही, निरोप पुरला.

तेन्साइ म्हणजे असामान्य बुद्धीचा. बाकाबोन हे मुलाचं नाव, आणि त्यातला 'बाका' म्हणजे बावळट. मुलगा खरं तर साधासुधा आहे. अफाट बुद्धीचा आहे तो त्याचा पाळण्यातला भाऊ हाजिमे. पण हे मांगा दोघांचंही नाही. १९६७ मध्ये 'शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकात ते सुरू झालं आणि बघता बघता बापाने मुलाच्या हातून गोष्टच काढून घेतली. हे बाबा काही कामधंदा करत नाहीत. वासेदा हे तोक्योतलं नामांकित विद्यापीठ. बाबा शिकले ते त्याच्या शेजारच्या 'बाकादा' विद्यापीठात. जन्मले तेव्हा म्हणे ते थोर बुद्धिमान होते. जन्मताच चालू लागले आणि बुद्धासारखं 'स्वर्गात नि पृथ्वीवर मीच श्रेष्ठ' असं बोललेसुद्धा. पुढे एकदा शिंक आली, तोंडातून एक दातेरी चाक बाहेर पडलं आणि कारभार आटोपला.

गोष्टीच्या शेवटी कुणाचं घर पडलेलं असतं, कुणाचं लग्न मोडलेलं असतं, डोळे एकमेकांना चिकटलेला तो पोलीस पिस्तूल झाडत पळत असतो. आणि बाबा हाताची घडी घालून म्हणतात, "कोरे दे ई नो दा."

ढोबळ अर्थ, जे आहे ते ठीक. पण हे वाक्य मी वीस वर्षं मराठीत आणायचा प्रयत्न करतेय.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची काही कमी नाही. माझ्या वर्गात निम्मी मुलं अ‍ॅनिमेच्या वेडाने आलेली आणि निम्मी नोकरीसाठी. मी दुसऱ्या निम्म्यात. आजही माझं पोट चाकणच्या वाहन कारखान्यांच्या तक्त्यांवर चालतं, आणि त्या तक्त्यांवर सगळ्यात वर असतं काइझेन. काइझेन म्हणजे सुधारणा. जे आहे ते कधीच पुरेसं नसतं, एक बोल्ट उचलायला कामगाराला दोन पावलं जास्त चालावी लागत असतील तर तीही कमी करा, असा तो धर्म. मी तो मराठीत आणते आणि सुपरवायझर मंडळी तो भिंतीवर लावतात. दिवसभर 'हे बरं नाही' आणि घरी आल्यावर 'कोरे दे ई नो दा'. दोन्ही एकाच देशाने दिलेलं आहे, आणि काळही जवळपास एकच.

त्या कारखान्यांतला आणखी एक शब्द चाकण-पिंपरीत आता मराठीच झालाय: पोका-योके. चूक होऊच नये म्हणून यंत्रात केलेली सोय. उलटा बसणारच नाही असा सुटा भाग, ही त्यातली सगळ्यात साधी तऱ्हा. याचं मूळ नाव होतं 'बाका-योके'. म्हणजे बावळटापासून बचाव. उत्पादनशास्त्राचे जाणकार शिगेओ शिंगो यांनी ते बदललं. त्यामागची गोष्ट ते सांगायचे. एका कारखान्यात ही सोय समजावून सांगत असताना एक कामगार बाई रडायला लागली. मी काय इतकी बावळट आहे? मग बावळटाच्या जागी 'पोका' आलं, म्हणजे नजरचूक. हे साठच्या दशकातलं. कारखान्याने 'बाका' हा शब्द दाराबाहेर ठेवला, आणि त्याच दशकात, बाकाबोन काढणाऱ्या फुजिओ आकात्सुका नावाच्या माणसाने तो उचलून साप्ताहिकात नेऊन बसवला. शिंगो बरोबरच होते, त्या बाईच्या जागी मी असते तर मलाही रडू आलं असतं. पण बावळट म्हटल्यावर रडू न येणारा एखादा माणूसही जगात असावा, असं मला वाटत राहतं.

बाकाबोन या नावाबद्दल जपानात एक कथा फिरते, ती आपल्याकडच्या माणसाने ऐकायलाच हवी. जपानी बौद्ध ग्रंथांत बुद्धासाठी एक शब्द येतो, 'बागाबोन'. हा आपला 'भगवान', चीनमार्गे तिथे पोचलेला. म्हणून बाकाबोन म्हणजे भगवान, असं काही लोक ठासून सांगतात. दुसरं, जास्त साधं स्पष्टीकरण म्हणजे 'बाका' अधिक 'बोन्बोन', अर्थात लाडावलेला बावळट पोरगा. माझा कल या दुसऱ्याकडे आहे. पण पहिलं सोडवत नाही, कारण त्याच कथेला एक शेपूट आहे.

या मांगात एक काका आहेत, रेरेरे काका. किमोनो घालून, हातात खराटा घेऊन ते सारखे रस्ता झाडत असतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतात, "ओदेकाके देस का?" मग पुढे उगीचच, "रे-रे-रे नो रे." कथा सांगणारे म्हणतात, हा बुद्धाचा शिष्य चूळपंथक. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. भाऊच त्याला संघातून घालवायला निघाला. बुद्धाने त्याला फडकं दिलं आणि पुसत राहायला सांगितलं. चीन-जपानकडे जाताना त्या फडक्याचा खराटा झाला. झाडता झाडता तो अर्हत झाला. जपानी लोकांनी त्याला आणखी एक गोष्ट चिकटवली. त्याच्या समाधीवर म्योगा नावाचं आल्याच्या कुळातलं झुडूप उगवलं, म्हणून म्योगा खाल्ला की विसरायला होतं. आकात्सुकांच्या मनात चूळपंथक होता का? मला नाही वाटत. खराट्याचे फराटे काढायला सोपे असतात, एवढंच असेल.

'ओदेकाके देस का' याचं भाषांतर मात्र मला एका क्षणात सुचलं होतं. "काय, निघालात?" वाड्यात, चाळीत, सोसायटीच्या फाटकाशी हा प्रश्न कोण विचारत नाही? उत्तराची अपेक्षा नसते. आमच्या बिल्डिंगमध्ये तर तो विचारणारे माझे वडीलच आहेत.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते मूळचे रत्नागिरीकडचे, पिंपरीत एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मी कॉलेजला असताना कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली. त्यात स्वेच्छा कुणाची होती हा प्रश्न कुणी विचारला नाही. पैसे बरे मिळाले. वय सत्तेचाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाबा नेहमीप्रमाणे उठले, अंघोळ केली, डबा नाही म्हटल्यावर थोडे घुटमळले आणि खराटा घेऊन खाली गेले. सोसायटीचा झाडूवाला होता, पण तो दहाला यायचा. बाबांनी बदामाची पानं गोळा केली. शाळेला निघालेल्या पोरांना विचारलं, काय, निघालात?

त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते आम्हाला. माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा आत्याने पाहुण्यांना सांगितलं, "दादा कन्सल्टंट आहेत." बाबा बनियनवर बसून शेंगा सोलत होते. कन्सल्टंट म्हणजे काय ते त्यांनी मला नंतर विचारलं.

म्हणून पहिली मालिका बघताना मी चपापले होते. मांगातले बिनकामाचे बाबा १९७१ च्या टीव्हीवर माळीकाम करतात. बेकार बाप संध्याकाळी लोकांच्या घराघरांत दाखवायचा कसा, ही पैसे लावणाऱ्यांची अडचण होती. झाडं छाटायची कात्री हातात दिली की मिटलं. बाकी मालिका गोड आहे. तिच्या सुरुवातीच्या गाण्यात सूर्य पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो, आणि बाबांचा आवाज करणारे मासाशी अमेनोमोरी इतके फर्मास आहेत की आता मांगा वाचतानाही मला तोच आवाज ऐकू येतो. पण ती कात्री खुपते. आत्याने दिलेली पदवीच ती.

१९७५ मध्ये दुसरी मालिका आली, 'गान्सो तेन्साइ बाकाबोन'. 'गान्सो' हा शब्द जपानात मिठाईच्या दुकानांवर असतो, म्हणजे मूळचे आम्हीच. पुणेकराला तो समजावून सांगायला नको. 'आमची कोठेही शाखा नाही' हे त्याचं चोख भाषांतर आहे. या मालिकेत कात्री गेली. बाबा पुन्हा बिनकामाचे झाले, गोष्टी पुन्हा मांगासारख्या आडव्यातिडव्या धावू लागल्या. अमेनोमोरी तेच. पुढे १९९० मध्ये, १९९९ मध्ये आणि अगदी २०१८ मध्येही बाकाबोन परत परत आलं. ते मी थोडं थोडं पाहिलं. पहिल्या दोघींची सर त्यांना नाही, निदान माझ्यापुरती तरी.

आकात्सुकांचं स्वतःचं आयुष्य वाचलं की हसू थांबतं. जन्म १९३५ चा, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या मांचुरियातला. वडील तिथे पोलिसात. जपान हरलं, सोव्हिएत फौजांनी वडिलांना सैबेरियात नेलं. आई मुलांना घेऊन १९४६ मध्ये परतली. भावंडं सहा. एक बहीण घटसर्पाने गेली, एक भाऊ दुसऱ्या घरी दत्तक दिलेला, तान्ही बहीण आजोळी पोचल्यावर लगेच उपासमारीने गेली. सहांतली तीन उरली. त्या थोरल्या मुलाने नारा जवळच्या यामातो-कोरियामात ओसामु तेझुकांचं एक मांगा वाचलं आणि काय व्हायचं ते ठरवलं. मग निगाता, पाट्या रंगवायचं दुकान. मग तोक्यो, रसायनांचा कारखाना. १९५६ मध्ये तोकिवा-सो या लाकडी खोल्यांच्या इमारतीत बिऱ्हाड. तेझुका तिथे आधी राहून गेलेले. फुजिको फुजिओ ही जोडगोळीही तिथेच. आपल्या घराघरांतली पोरं ज्यांच्यामुळे हिंदीत बोलायला शिकली ते दोरेमोन आणि निन्जा हातोरी याच जोडीतल्या दोघांचे. तोकिवा-सो १९८२ मध्ये पाडलं, आणि २०२० मध्ये जवळच हुबेहूब तसं बांधून तिथे संग्रहालय केलं.

१९६२ मध्ये आकात्सुकांनी 'शोनेन संडे' साप्ताहिकात 'ओसोमात्सु-कुन' सुरू केलं. यात एकाच चेहऱ्याचे सहा जुळे भाऊ आहेत. कुणाला मारलं आणि कोण पळालं हे आईलाही कळत नाही. पुढे त्यातला फ्रान्सचं कौतुक सांगणारा, दात पुढे आलेला इयामी एवढा गाजला की एक पाय वर, एक हात डोक्यावर करून "शेऽऽ" ओरडण्याची त्याची तऱ्हा देशभरची पोरं करू लागली. १९६५ च्या एका सिनेमात गॉडझिलासुद्धा ती करतो. सहा भावंडांतून तीन उरलेल्या मुलाने सहा भाऊ काढले आणि त्यांना एकमेकांपासून वेगळं ओळखता येऊ नये अशी सोय केली. हा योगायोग असेल. मी तो जास्त उकरत नाही, पण विसरताही येत नाही.

बाकाबोन वाचताना मजा वाटते ती या माणसाला कागदाची भीती नसल्याची. साप्ताहिकाची पानं मोजून मिळायची, मागे दुसरे मांगाकार रांगेत उभे, आणि हा एकदा उजवा हात दुखावला म्हणून अख्खं प्रकरण डाव्या हाताने काढतो. अक्षर कोंबड्याच्या पायासारखं, चौकटी वाकड्या. एकदा 'खऱ्या आकाराचं मांगा' म्हणून प्रत्येक चेहरा माणसाच्या डोक्याएवढा काढला. दोन-दोन पानांवर एकच तोंड, गोष्ट पुढे सरकायला जागाच नाही. १९७४ मध्ये तर त्याने काही काळ स्वतःचं नावच बदललं. इतका नावाजलेला माणूस एकदम 'इचिरो यामादा' म्हणून छापला जाऊ लागला. आपल्याकडे एखाद्या बड्या लेखकाने उद्यापासून 'सुरेश पाटील' नावाने लिहावं, तसं. त्याआधी १९६९ मध्ये बाकाबोन 'मॅगझिन' सोडून थेट प्रतिस्पर्धी 'संडे'त गेलं होतं. पुढे ते स्वगृही परतलं ते वेगळंच.

त्या डाव्या हाताच्या पानांवर मी खूप वेळ घालवलाय. विनोद असा की विनोद काही नाहीच. वाईट काढलंय, छापलंय, पैसे घेतलेत. कोरे दे ई नो दा.

तर त्या वाक्याकडे. 'कोरे' म्हणजे हे. 'दे' म्हणजे ह्याने, एवढ्यावर. 'ई' म्हणजे चांगलं, आणि चालेलही. 'नो दा' ही सगळी गंमत. समोरच्याला अजून कळलं नसेल तर सांगतो, बरं का, अशा खात्रीचा शेवट. "हे असंच ठीक आहे" लिहिलं तर डॉक्टर रिपोर्ट बघून बोलल्यासारखं वाटतं. "होतं ते चांगल्यासाठीच" हे तर साफ खोटं, कारण बाबा पुढे काही चांगलं होईल असं कधीच म्हणत नाहीत. 'ठेविले अनंते' जवळ येतं, पण त्यात अनंत आहे, ठेवणारा आहे. बाबांना कुणी ठेवलेलं नाही, ते आपणहून तिथे उभे आहेत. माझी कोल्हापूरची मैत्रीण म्हणाली, "चालतंय की, म्हण." सगळ्यात जवळचं तेच. तरी त्यात खांदे उडवलेले आहेत. बाबा खांदे उडवत नाहीत, ते समाधानाने ताठ उभे असतात.

आकात्सुका २ ऑगस्ट २००८ ला गेले. त्याच्या तीनच दिवस आधी त्यांची पहिली बायको गेली होती, आणि त्यांना ते कळण्याची स्थिती नव्हती. काही वर्षांपासून ते शुद्धीत नव्हते. ७ ऑगस्टला अंत्यविधीत तामोरी बोलायला उभे राहिले. तामोरी म्हणजे काळ्या चष्म्याचे, जपानी टीव्हीवरचे फार मोठे विनोदवीर. सत्तरच्या दशकात फुकुओकाहून आलेल्या या अनोळखी माणसाला आकात्सुकांनी स्वतःच्या घरात ठेवून घेतलं होतं. तामोरींनी कागद उलगडला आणि काही मिनिटं वाचलं. कॅमेऱ्याने नंतर दाखवलं, कागद कोरा होता. जपानी प्रेक्षकांना काबुकीतला बेन्केइ आठवला. नाक्यावर अडवलं तेव्हा कोरी गुंडाळी उलगडून देणगीची यादी वाचत असल्याचं सोंग करणारा. शेवटी तामोरी म्हणाले, मीही तुमच्या असंख्य कलाकृतींपैकी एक आहे. त्याआधी त्यांनी त्या वाक्याचा अर्थ सांगितला. जे घडतं ते आहे तसं मनापासून मान्य करायचं, मग माणूस अर्थांच्या जड ओझ्यातून सुटतो आणि तो क्षण विलक्षण उजळ दिसतो. फार सुंदर सांगितलंय. पण चार शब्दांचं भाषांतर करायला त्यांनाही एवढी वाक्यं लागलीच, हे बघून मला जरा हायसं वाटलं.

२०१५ मध्ये, आकात्सुकांच्या ८० व्या जन्मवर्षानिमित्त, 'ओसोमात्सु-सान' ही मालिका आली. ते सहा भाऊ आता मोठे झालेत. सहाही बेकार, सहाही आईबापांच्या घरी एकाच लांबलचक गादीवर झोपणारे. पहिल्या भागात इतरांच्या मालिकांची एवढी टिंगल केली होती की तो पुढे डिस्कवरही आला नाही. मालिका तुफान चालली, विशेषतः तरुण मुलींमध्ये. ज्या टीव्हीला ४४ वर्षांपूर्वी एक बिनकामाचा बाप सोसवला नव्हता, त्याच टीव्हीवर आता सहा बिनकामाचे मुलगे लाडके झाले. मला मालिका आवडली, पण पूर्ण नाही. त्या भावांना आपण बेकार असल्याची लाज वाटते आणि निम्मे विनोद त्या लाजेवर आहेत. बाबांकडे लाज नावाचं यंत्रच नव्हतं. शिंकेबरोबर तेही पडलं असावं.

वाढदिवसाच्या पुढच्या रविवारी मी माहेरी गेले. जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर 'गान्सो'चा एक भाग लावला. खाली इंग्रजी अक्षरं नव्हती, मी जमेल तसं सांगत होते. बाबा आता सत्तरीत आहेत. कमरेमुळे खराटा सुटलाय, पण सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. पोलिसाने पिस्तूल झाडलं तेव्हा ते हसले. रेरेरे काका आले तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही.

मग म्हणाले, "हा पंचावाला कामाला कुठं असतो?"

"कुठंच नाही."

"मग बरंय."

पडद्यावर एक काळा, लांबट, शेपटीकडे माशासारखा होत गेलेला प्राणी धावत आला. "हे काय आता?"

"उनागी-इनु. त्याचा बाप कुत्रा आणि आई उनागी. उनागी म्हणजे तो सापासारखा मासा असतो ना..."

"वाम."

"हो, वाम."

"मग वामकुत्रा म्हण की सरळ," बाबा म्हणाले, आणि डाव्या कुशीवर वळून झोपले.